सत्कार सातबाऱ्याचा

मोहाडी तालुक्यातल्या एका गावात, एका घराच्या पुढच्या खोलीत, काचेच्या चौकटीत एक सन्मानपत्र टांगलेलं आहे. त्यावरचं नाव चुकीचं आहे आणि अक्षर माझं आहे. बरीच वर्षं झाली, पण अजूनही त्या घरी गेलो की मी चौकटीकडे पाठ करून बसायला बघतो. घरातल्यांना हे ठाऊक आहे, म्हणून ते खुर्ची मुद्दाम तिच्या समोरच मांडतात.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतर काही वर्षांनी मी कृषी सहायक म्हणून मोहाडीला लागलो. सात गावं आणि एक जुनी स्कूटर माझ्या वाट्याला आली. आमचं घर विणकराचं. धान मला माहीत होतं ते ताटात आल्यावर. पदविकेच्या अभ्यासात मी धानाची मुळं, खोड, ओंबी यांच्या आकृत्या फार सुबक काढायचो. गुरुजींनी एकदा वर्गाला माझी वही दाखवली होती. त्या वहीच्या भरवशावर मी चाळीस-चाळीस वर्षं चिखलात उभ्या राहिलेल्या माणसांना शेती शिकवायला निघालो होतो.

पहिल्याच पावसाळ्यात मला ओळीतल्या रोवणीचं प्रात्यक्षिक करायचं होतं. आमच्याकडे बायका पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मुठीनं धरून दाट रोवत. वरून आदेश होता की अंतर राखून, सरळ ओळीत, एका जागी दोन-तीनच काड्या रोवायला शिकवा. मी एका बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, उभा राहून पुस्तकातून वाचायला लागलो. खाली चिखलात बारा बायका वाकलेल्या. त्यांच्यातली पुढची, पन्नाशीची, कमरेला पदर खोचलेली बाई सरळ उभी राहिली.

"साहेब, पुस्तक खिशात ठेवा जी, भिजन. आन् पायतान काढून खाली उतरा."

मी बुटांसकटच उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. मला दोघींनी ओढून काढलं. बूट नंतर, धान कापताना सापडला.

ही बाई म्हणजे काकू. मी तिला तेव्हापासून काकूच म्हणतो. त्या दिवशी तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले, त्यातल्या तिनांची उत्तरं मला आली नाहीत. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिनं एक दोर तयार केला होता. जुन्या लुगड्यांच्या रंगीत चिंध्या वीत-वीत अंतरावर दोराला बांधलेल्या. दोघींनी दोर ताणून धरायचा, बाकीच्यांनी चिंधी पाहून रोवायचं. मी तीन पानांत समजावू शकलो नव्हतो ते त्या चिंध्यांनी समजावलं.

पुढच्या तीन-चार वर्षांत काकूची टोळी मजुरीला जिथं जाईल तिथं तो दोर गेला. आजूबाजूच्या गावांत पीक वाढलं. शिवाय बियाणं निम्म्याहून कमी लागायला लागलं. वाचलेलं बियाणं ती ढोलीत, म्हणजे धान्याच्या कणगीत, वेगळं ठेवायची आणि पावसानं दगा देऊन ज्याचे पऱ्हे वाळले त्याला द्यायची. श्रावणात घरोघरचं धान संपत येतं, तेव्हा सकाळी रानात जाताना ती टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, छपरांकडे बघत जायची. कोणाच्या घरातून धूर निघाला नाही हे तिच्या ध्यानात राहायचं, आणि दुपारपर्यंत त्या घरी कांडलेले तांदूळ पोचायचे. "जास्तीचे कांडले गेले," एवढंच सांगायची. दर श्रावणात तिचे तांदूळ चुकून जास्तीचे कांडले जात.

आता काकांबद्दल. काका म्हणजे काकूचे यजमान. माणूस अतिशय गोड. पण चिखलात पाय घातला की त्यांना सर्दी व्हायची. ही सर्दी लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात झाली होती आणि तिच्या आठवणीनं ते पुढची तीस वर्षं धुऱ्यावरच उभे होते. गावातल्या बसथांब्याजवळच्या लिंबाखाली त्यांची बैठक. मोहाडीचा बाजार त्यांनी कधी चुकवला नाही आणि तिथून कधी काही आणलंही नाही.

एका वर्षी वरून पत्र आलं. भुकेशी लढणाऱ्या आणि शेतकऱ्यांचं जगणं सुधारणाऱ्या माणसांचा भंडाऱ्याला सत्कार होणार होता. तालुक्यातून एक नाव, दोन दिवसांत. मला विचारच करावा लागला नाही. मी काकूवर दोन पानं लिहिली. माझ्या आयुष्यात मी लिहिलेली ती सगळ्यात खरी दोन पानं. अर्जासोबत सातबारा जोडायचा होता. सातबाऱ्यावर नाव काकांचं.

कार्यालयातल्या लिपिकानं कागद बोटानं परत सरकवला.

"नाव सातबाऱ्यावरचं पाहिजे. नाहीतर अर्ज परत येते."

"पण काम बाईंचं आहे."

"मंग काम बाईचं पाठवा, नाव बुवाचं पाठवा. चूल तं एकच हाये ना?"

मी वाद घालू शकलो असतो. आमच्या तालुका कृषी अधिकारी साहेबांकडे जाऊ शकलो असतो. टिपण जोडू शकलो असतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला साडेपाचची बस धरायची होती, कारण स्कूटर दुरुस्तीला टाकली होती. मी दोन पानांतलं 'त्या' खोडून 'ते' केलं, 'रोवतात' तसंच राहू दिलं, आणि बस धरली. बसमध्ये बसायला जागाही मिळाली नाही.

एवढ्यावर भागलं नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून सन्मानपत्रांवर नावं लिहायचं काम माझ्याकडेच आलं. काकांचं नाव मी वळणदार लिहिलं, खाली वेलबुट्टीही काढली.

सत्काराच्या दिवशी काका नवं धोतर नेसून आले. काकू तिसऱ्या रांगेत त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. शाल, नारळ, सन्मानपत्र झालं आणि काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. लिंबाखालच्या तीस वर्षांच्या सरावाचं त्या दिवशी चीज झालं.

"शेतकऱ्याचे पाय चिखलात पाहिजे आन् ध्यान आभायात," काका म्हणाले.

सभागृहात टाळ्या. मीही वाजवल्या. काकूकडे पाहिलं तर ती खाली मान घालून पदरात हसत होती की काय करत होती, मला कळलं नाही, आणि जवळ जाऊन पाहायची हिंमत नव्हती. परतीच्या बसमध्ये मी मागच्या बाकावर होतो. तिनं काकांच्या खांद्यावरची शाल दोन बोटांत धरून चोळून पाहिली.

"गरम हाये," ती म्हणाली. "कामी येईन."

आमची आई आयुष्यभर बाबांच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. एका लुगड्यात निम्मं काम तिचं. विणकरांच्या सोसायटीत नाव बाबांचं. हे मला त्या बसमध्ये आठवलं. म्हणजे मी हे पाप अजाणता केलं असंही म्हणायची सोय नव्हती. मी ठरवलं, पुढच्याच आठवड्यात साहेबांना सांगायचं. असे बरेच आठवडे मी ठरवलं.

पुढच्या आषाढात मात्र प्रकरण अंगावर आलं. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीकडचे शेतकरी दोन गाड्या भरून येणार होते. सोबत आमचे साहेब. सत्कारमूर्तींनी स्वतः बांधीत उतरून रोवणी दाखवावी, असं पत्रात होतं. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका मोहाडीला माझ्या दारात उभे.

"साहेब, मले ताप येऊन राहिला."

"कधी येणार आहे?" मी विचारलं.

"पाहुणे येतीन त्याच दिवशी," काका म्हणाले.

आम्ही दोघं गुन्हेगार स्कूटरवर बसून काकूपुढे हजर झालो. ती उशिराच्या पऱ्ह्यांसाठी भिजवलेलं बियाणं चाळवत होती. मी दहा महिने पाठ केलेला माफीनामा सुरू केला. फॉर्म, सातबारा, लिपिक, स्कूटर. ती हातानं धान वरखाली करत ऐकत होती.

"झालं का?" शेवटी ती म्हणाली. "इतकं तं मले भंडाऱ्यालेच समजलं होतं. आता का पाहिजे?"

"काकांना शिकवा," मी म्हणालो.

ती काकांकडे वळली. "उद्यापासून टोळीत या. दुसऱ्याईच्या वावरात बी यावं लागन. सर्दी झाली तं शाल हाये."

पण शालही नव्हती. भिजवलेल्या धानाला मोड यावेत म्हणून ते पोत्यात बांधून उबेत ठेवतात, आणि कोपऱ्यातल्या तशाच एका पोत्याभोवती सत्काराची शाल घट्ट गुंडाळलेली होती. मोड मात्र सरस आले होते, हे मी कृषी सहायक या नात्यानं नमूद करतो.

काका आठ दिवस बायकांच्या रांगेत रोवायला गेले. मीही गेलो. प्रायश्चित्त म्हणून दोराचं एक टोक धरलं. काकांच्या समोर दोर असूनही त्यांची ओळ बैलानं चालता चालता मुतावं तशी जायची. बायकांनी त्यांना एक घडी सोडलं नाही.

"सत्कारमूर्ती, कंबर लवते का नाई?"

"ध्यान आभायात हाये त्याईचं, काहून सतावता वो?"

"पाय तं पाहा, नव्या नवरीवानी. तीस वर्सं जपून ठेवले बाप्पा."

काका हसत. तिसऱ्या दिवसापासून हसायचे थांबले. पाचव्या दिवशी दुपारी धुऱ्यावर भाकर खाताना ते माझ्या कानाशी आले.

"साहेब, हे बाई रोज सांजच्याला घरी येऊन स्वयंपाक बी करते."

त्यांनी हे एखादा शोध सांगावा तसं सांगितलं. मी मान हलवली. सर्दी त्यांना झाली नाही.

पाहुणे आले. पन्नासेक माणसं धुऱ्यावर ओळीनं उभी. साहेब छत्रीखाली. काका बांधीत, गुडघाभर चिखलात, हातात पेंढी. काकू त्यांच्यापासून दहा पावलांवर टोळीसोबत वाकलेली. काकांनी एक ओळ रोवून दाखवली. आठ दिवसांतली सगळ्यात सरळ ओळ होती. लांबून पाहिली तर ओळच वाटत होती. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात दिघोरीचा एक म्हातारा पुढं आला. पाठीवर हात बांधलेले, डोळे बारीक. त्यानं ओळीकडे पाहिलं, काकांच्या पायांकडे पाहिलं.

"का गा, पऱ्हे किती दिसाचे काढता? आन् पानी किती ठेवता बांधीत?"

काकांनी पेंढीकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. मला उत्तर येत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मला खरं सांगता येत होतं. मी धुऱ्यावर, साहेबांच्या शेजारी, काकांपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. फक्त तोंड उघडायचं होतं. मी चष्मा पुसला.

"मले नोका विचारू," काका म्हणाले. "मी आठ दिवसाचा रोवणारा आहो. विचारायचं तं तिले विचारा. दोर तिचा, रीत तिची. भंडाऱ्याले जो सत्कार झाला तो सातबाऱ्याचा झाला. मी फक्त शाल घेऊन आलो."

 एक बेडूक ओरडत होता. साहेबांनी छत्री थोडी तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मी ज्याला आळशी समजत आलो त्या माणसानं मला त्या चिखलात मागे टाकलं होतं, आणि मी तर कोरड्यात उभा होतो.

म्हाताऱ्यानं काकांना सोडलं आणि सरळ काकूकडे वळला. तिनं कंबर सरळ केली, हात धुतले आणि तासभर बोलली. पन्नास माणसं हळूहळू चपला काढून बांधीत उतरली. काही जण रुतले. साहेबही रुतले. मी त्यांना ओढायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही राहू द्या."

निघताना साहेबांनी काकूला सांगितलं की सन्मानपत्र बदलून देता येईल, प्रस्ताव पाठवतो.

"कागदच बदलायचा हाये तं सातबारा बदला जी," काकू म्हणाली. "सन्मानपत्र जुन्या सातबाऱ्यावरून निघालं. तोच तसा राहिला तं पुढचा बी कागद तसाच निघन. माह्यं नाव त्याईच्या बाजूले लागलं पाहिजे."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका चिखल झटकत म्हणाले, "मी आताच सही करतो. पेन आना कोनी."

पेन माझ्या खिशात होता. तो मात्र मी लगेच दिला.

अर्ज तलाठ्याकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. एक दाखला जुना निघाला, एका शिक्क्यावर तारीख नव्हती. मी दर मंगळवारी तहसील कार्यालयात जाऊन बसायचो. तिथल्या शिपायाला वाटायचं की माझंच काही वडिलोपार्जित भांडण चालू आहे. "भाऊ आयकत नाई का तुमचा?" तो सहानुभूतीनं विचारायचा. त्या काळात बस चुकली तरी मी चुकू दिली.

धान निसवायच्या, म्हणजे ओंब्या बाहेर पडायच्या, दिवसांत नवा सातबारा हातात आला. काकांच्या नावाखाली काकूचं नाव होतं. मी स्कूटर थेट त्यांच्या अंगणात नेली. काका रांगेतल्या बायकांच्या भीतीनं अजूनही टोळीत कामाला जात होते, त्यामुळे थकून खाटेवर पडले होते. काकूनं हात पदराला पुसून कागद घेतला. ती तिसरीपर्यंत शिकलेली. स्वतःच्या नावावरून तिनं बोट सावकाश, एकेक अक्षर दाबत फिरवलं. दोनदा फिरवलं. मी भिंतीवरच्या चौकटीकडे पाठ करून उभा होतो.

"हे अक्षर कोनाचं?" तिनं विचारलं.

"तलाठ्याचं."

"तुमचं नाई ना?"

"नाही."

"मंग बरोबर असन," काकू म्हणाली, आणि तो कागद तिनं बियाण्याच्या ढोलीत, अगदी तळाशी ठेवायला नेला.