चांगल्या कामासाठी ठेवलेला कागद

आत्याचा जन्म लोकांचे दात घडवण्यात गेला. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारं एक लहानसं वर्कशॉप होतं. तिथे ती मेणात एकेक दात बसवायची आणि बारीक सुरीने हिरड्यांचा उतार कोरायची. धाकटा भाऊ पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, "खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे म्हणतात ना? आमची ताई दोन्ही एकच करून देते!" तिने लग्न केलं नाही. भावाच्या घरातली मागची खोली तिची होती.

त्या खोलीत ती शुभेच्छापत्रं करायची. म्हणजे करणार असायची. जाड कागद, जाळीदार कागद, साटिनच्या फिती, कागदातून फुलपाखरं कापायचे पंच, रबरी ठसे, चमकीच्या बाटल्या असं काय काय ती पगार झाला की आणायची आणि खोक्यात भरायची. "चांगला कागद आहे, चांगल्या कामाला ठेवू." चांगली कामं आली आणि गेली. भाचीच्या लग्नासाठी तिने कडेला सोनेरी वेल असलेले कागद आणले होते. पण आधी साध्या कागदावर हात बसवू म्हणता म्हणता लग्न दारात आलं आणि भाचीला दुकानातलं तयार कार्ड मिळालं. पलंगाखाली, कपाटावर, खिडकीत खोकीच खोकी झाली. भावजय केर काढताना म्हणायची, "वन्सं, एक दिवस तुम्हालाच कुठल्यातरी खोक्यात झोपावं लागेल."

मग आत्याने एकाएकी काम सोडलं. "पाठ दुखते, आता पुरे," एवढंच घरात सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. एका कवळीचा समोरचा दात तिरका बसला, तेव्हा मालक रागावला नाही. त्याने तिच्या पुढ्यातून कवळी उचलली आणि गुपचूप स्वतःच नीट केली. रागावला असता तर ती टिकली असती. त्या गप्प बसण्याने तिचा धीर सुटला.

त्यातच भाचीचा फोन आला. तिचं नवऱ्याशी पटेना. तान्ह्या मुलीला घेऊन ती कायमची माहेरी येणार होती. भाऊ ओशाळत म्हणाला, "ताई, मागची खोली तिला द्यावी लागेल. तुझी खोकी तेवढी..."

"देते ना रिकामी करून," आत्या म्हणाली. "पण टाकणार नाही मी काही. सगळं वापरून संपवते."

सगळ्यांना वाटलं, हौस आहे, करू दे. तिने दार लावून घेतलं. आत जे चाललं होतं त्याला हौस म्हणणं कठीण होतं. एक कार्ड, फक्त एक कार्ड सरळ जमलं की हात ठीक आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती कापायची, चिकटवायची. फीत वाकडी बसायची. ठसा दोनदा उमटायचा. डिंकाचे ओघळ जाळीदार कागदावर उतरायचे. मग दुसरा कागद घ्यायचा. डाव्या हाताने उजव्याचं मनगट आवळून धरून पाहिलं, कोपर टेबलाला दाबून पाहिलं. बिघडलेल्या कागदांचा ढीग वाढत गेला. वर्षानुवर्षं जपलेलं सगळं तिच्याच हातून मातीमोल होत होतं, आणि थांबणं काही तिला जमत नव्हतं.

शेवटी तिने सोनेरी वेलीचे कागद काढले. ब्लेड पट्टीवरून घसरलं आणि बोटात गेलं. ती ओरडली नाही, पण पट्टी खाली पडल्याचा आवाज ऐकून भावजय धावत आली. कागदावर रक्ताचे थेंब होते, जमिनीवर चमकी सांडली होती आणि आत्याचा हात मांडीवर एकसारखा थडथडत होता.

"हे कधीपासून?" भावजयीने विचारलं.

"कापलं आत्ताच."

"कापल्याचं नाही विचारत मी, वन्सं."

भावजयीने बोटाला चिंधी बांधली, समोर बसकण मारली आणि कात्री उचलली. "सांगा, कुठे कापू?"

तिने कापलेली कड पाहून आत्या कडाडली, "ठेव ती कात्री! तुझ्या हाताला वळण नाही."

"माझ्या हाताला वळण नाही आणि तुमच्या हाताला थारा नाही. मग आता तिसरी कुठून आणू?"

आत्याला हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. "माझ्याकडे दुसरं काय आहे गं? हे हातच होते." भावजय नुसती जवळ सरकून बसली.

सोनेरी वेलीच्या कागदांतला एक धड उरला होता. भावजयीने तो दुमडला आणि आत्याने स्केचपेनने आत लिहिलं, "आलीस, बरं केलंस." अक्षरं मुंग्या सैरावैरा धावाव्यात तशी आली. दुसऱ्या दिवशी भाची आली. कार्ड उघडून तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणाली, "आत्या, सगळे विचारतायत, का आलीस? एकीने तरी..." तिने बाळाला आत्यापुढे केलं. आत्याने मात्र दोन्ही हात पदराआड नेले.

उरलेली खोकी शेजारच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई रिक्षात घालून घेऊन गेल्या. "बघा, आता कसं हलकं वाटेल," असं त्या जाताना म्हणाल्या. आत्याला हलकं वाटलं नाही. उघड्या भिंतींकडे तिच्याने बघवेना.

पुढच्याच आठवड्यात भावजयीने तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक कोरा कागद दिला आणि गोगलगाईच्या पाठीसारखं गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं. आत्याने काढलं. रेघ करवतीच्या दातांसारखी आली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्यांनी बराच ताब्यात राहतो, असंही सांगितलं.

"मला ब्लेड धरता येईल?" आत्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "खोटं नाही सांगत. ब्लेड नाही. कात्री कदाचित."

"केवढी कात्री?"

भावजय पदर तोंडाला लावून खिडकीकडे बघू लागली. डॉक्टरांनी टेबलावरची बँडेज कापायची बोथट, मोठी कात्री उचलून तिच्यापुढे धरली. आत्याने ती हातात घेतली, एकदा उघडली, एकदा मिटली आणि परत केली.

"गोळ्या कधी घ्यायच्या?" ती म्हणाली. "जेवणाआधी की नंतर?"