लेपाखालचं दुखणं

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या कपाळावर कुंकवापेक्षा सुंठीचा लेपच जास्त दिसतो, असं गाव म्हणायचं, आणि गाव अगदीच खोटं बोलत नव्हतं. कडेगावच्या पलीकडं आमचं उसाचं गाव. थोरले दीर पलटणीतनं लढाईवर गेलेले. जाऊबाई सातवी पास, म्हणून मुलींच्या शाळेवर त्या एकट्याच मास्तरीण. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मग मीही बाईच म्हणू लागले.

अर्धशिशी होती त्यांना. ऊन वर येईल तसं उजव्या भुवईपासून डोकं उठायचं. मग फोडणीचा वास नको, भांड्याचा आवाज नको, उजेड तर नकोच नको. दार लावून, डोक्यावरनं वाकळ घेऊन पडायच्या. सुंठ उगाळून द्यायचं काम माझं. सासूबाई तोंडानं भारी फटकळ, पण कपाळाला लेप दिसला की गप्प बसायच्या.

डोकं उतरायचं, तरी बाई उठायच्या नाहीत. हे मात्र कुणाला कळत नव्हतं. ओकाऱ्या थांबल्या, ताप नाही, आणि ही बाई भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवायला बोलावलं तर नको, वेणी घालते म्हटलं तर नको. कधी उलटंही व्हायचं. आधी मन बसायचं आणि मागनं डोकं धरायचं. एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "या दोघी जावा हायत बघ. एक आली की दुसरी दारात उभीच." आपल्यासारख्याच म्हणा की, असं मी म्हटलं, तेव्हा कुठं जराशा हसल्या.

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आमच्याकडं दिपोटी म्हणत. ते मागं आले तेव्हा शाळेला कुलूप होतं. पुन्हा बंद दिसली तर मुलींना मुलांच्या शाळेत बसवू, असं बजावून गेले. आमच्या गावचा कुठला बाप पाठवणार होता तिथं? पोरी सरळ उसात भांगलायला गेल्या असत्या.

त्यानंतर एका दुपारी मी दूध घेऊन बाईंच्या खोलीत गेले. कपाळाला लेप ताजा, पण खिडकी सताड उघडी आणि ऊन थेट तोंडावर. मी काय दुधखुळी होते? म्हटलं, "बाई, आज डोकं न्हाई दुखत." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, "लेप लावला की कुणी इचारत न्हाई. मन दुखतंय म्हटलं तर येडी ठरवून म्हायेरी घालवतील, आन् शाळा जाईल." मला भडभडून आलं. पण त्या रडल्या नाहीत. उठून बसल्या आणि मला हुकूमच सोडला: "डोकं दुखलं तर पडू दे, त्याला इलाज न्हाई. पण मन बसलं तर मला पडू देऊ नगंस. शिव्या दिल्या तरी उठव."

शिव्या दिल्याच त्यांनी, चांगल्या निवडक. मी ओढायचे. मग रांजणातलं गार पाणी तोंडावर मारायच्या आणि म्हणायच्या, "चल, नुसतं दारापतोर." दारात आल्या की, "आता पारापतोर." असं स्वतःलाच फसवत शाळा गाठायच्या.

दिपोटी परत आले, ते नेमके अशाच एका सकाळी. मी बाईंना कशाबशा खुर्चीवर बसवून दारात उभी होते. गावातली कर्ती मंडळीही जमलेली. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. साहेब भले; म्हणाले, डोकं दुखत असेल तर आज सुट्टी द्या, मी पुन्हा येईन. नुसती मान हलवायची होती. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, आणि शाळा पुन्हा बंद पडली अशी नोंद झाली असती. बाई खुर्ची धरून उभ्या राहिल्या. "डोकं न्हाई, सायेब. मन दुखतंय माझं. पर शाळा हाय आज. पोरींनो, वाचा."

आणि पोरींनी वाचलं. मोठ्या पोरी धाकट्यांचं बोट धरून ओळीवर फिरवत होत्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि शाळा चालू ठेवण्याचा शेरा मारून गेले.

पण आम्ही घरी पोचायच्या आत ती गोष्ट घरी पोचली होती. सासूबाई चुलीपुढं बसलेल्या. मला वाटलं, आता झालं, बाईंची रवानगी ठरली. सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "मन दुखतं म्हंजी काय गं?"

बाईंनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी सासूबाईंचं लक्ष नव्हतं. मग म्हणाल्या, "थोरल्याच्या येळंला मलाबी आसंच व्हायचं. आधी डोकं, मागनं ह्ये. कुणाला बोलले न्हाई. वाटायचं, माझ्यातच खोट हाय."

दुखणं काही गेलं नाही. बाई जन्मभर त्याच्याशी झगडल्या. पण त्या दिवसापासून त्यांचं मन बसलं की त्यांना उठवायचं काम सासूबाईंनी माझ्याकडनं काढून घेतलं. दंडाला धरून स्वतः शाळेपर्यंत पोचवायच्या, आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायच्या.