निळा धूर आणि क्लचबाईंचा डबा

क्लचबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनही बघायच्या नाहीत. एकोणतीस वर्षं त्या बायकांना गाडी शिकवत होत्या, आणि "क्लच! अहो, आधी क्लच दाबा!" हा गजर पार चौकापर्यंत ऐकू जायचा. आवाज असा खणखणीत, की सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाचाही पाय क्लचवर जायचा.

गाडी मात्र पहिल्या दिवसापासून तीच. पांढरी, चौकोनी, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. चारशेवर बायका तिच्यावर शिकल्या. कुणी ती भिंतीवर घातली, कुणी भाजीच्या गाड्यावर, पण गाडीने कधी तक्रार केली नाही.

यंदा मात्र तिने नाकात दम आणला. सुरू केली की मागून निळा धूर. तपासणी केंद्रावर साहेबांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, पडद्यावरचा आकडा बघितला आणि कागद हातात ठेवला. आठ दिवसांनी पुन्हा आणा. तेव्हाही नापास झाली तर रस्त्यावर आणायची नाही, सरळ भंगारात.

बाई घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"अहो, गाडी गेली तर मी काय करू? घरात बसून कुकरला क्लच दाबायला सांगू?" म्हणाल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं काही शिकायचं त्यांच्या मनात नव्हतं, आणि दुसरं काही येतही नव्हतं.

अहो म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या धुतल्या, मुलांनी सांडलेलं पुसलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणूस सोन्यासारखा, पण गाडीच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. "यंत्राचं आणि माझं जमत नाही," हे पालुपद. बायकोने अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि हे बाजारात जायचे ते पिशवी घेऊन पायी. त्यांनी पाणी आणून दिलं आणि बाईंच्या चपला उचलून दारात ठेवल्या. बोलण्यात ते आधीपासूनच कच्चे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बॉनेट उघडलं. "ताई, इंजिन खोलावं लागेल. दोन महिने धरा."

"अरे, आठ दिवस आहेत माझ्याकडे!"

"आठ दिवसांत एवढंच दाखवू शकतो," म्हणत त्याने इंजिनाच्या डोक्यावरून हवेच्या फिल्टरकडे जाणारी रबरी नळी उपसली. आतून तेलाने चिप्प. इंजिन म्हातारं झालं की त्याच्या पोटात तेलाची वाफ कोंडते, ती या नळीतून बाहेर येते, आणि इंजिन तीच हवेबरोबर पुन्हा ओढून जाळतं. "तुमचा निम्माअधिक धूर हाच," मेकॅनिक म्हणाला.

एवढं कळल्यावर बाई थांबतील कशाला? घरी जाऊन यजमानांच्या जुन्या खोक्यातलं एक रबरी बूच काढलं, नळीच्या तोंडात ठोकून बसवलं, आणि संध्याकाळच्या शिकवणीला निघाल्या. बँकेतली एक मुलगी चालवत होती. तिसऱ्या वळणावर बॉनेटखाली फाट्कन आवाज झाला! तेल मोजायची पट्टी उडून बॉनेटला आपटली, सगळीकडे तेल उडालं, आणि ती मुलगी स्टिअरिंग सोडून "बाई, मी काही नाही केलं!" म्हणून किंचाळली. ही गत झाली रोग रेड्याला नि औषध पखालीला.

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "ताई, तुमचं तोंड नि नाक दाबून धरलं तर काय होईल? इंजिनालाही श्वास सोडायचाय हो!" मग त्यानेच एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घेतला, त्याला दोन तोट्या बसवल्या आणि नळीच्या वाटेत इंजिनाला खेटून बांधला. वाफ डब्यात शिरेल, तेल तळाशी राहील, नुसती हवा पुढे जाईल. दोन दिवसांनी उघडला तर आत मोजून चार थेंब. पुढची नळी मात्र पुन्हा चिप्प, आणि धूर जिथल्या तिथे.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. सकाळी अंगणात डबा हातात घेऊन बसल्या होत्या, तर यजमान चहा घेऊन आले आणि डब्यात डोकावले.

"यात काय असतं?"

"काय असणार? हवा!"

"मग वाफ इकडून येते नि तिकडून निघून जाते. तिला थांबायला आत आहे काय?" त्यांनी डबा हातात घेतला, आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हा बांधला कुठे होता?" बाईंनी जागा दाखवली. "अगं, तिथे तर भट्टी आहे! वाफेचं पाणी व्हायला तिला थंड काहीतरी भेटायला हवं. बत्तीस वर्षं शाळेत वाफ थंड करायचे प्रयोग मांडण्यापलीकडे मी दुसरं काय केलं?"

ह्या माणसाला बाईंनी एवढं सलग बोलताना लग्नातही ऐकलं नव्हतं.

यजमानांनी भांडी घासायच्या तारेचे चार नवे गोळे आणून डब्यात भरले. वाफ आणणारी नळी तळापर्यंत नेली, जाणारी वर ठेवली, आणि तारेचा तुकडा इंजिनात जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. डबा इंजिनापासून लांब, पुढे गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागे, वारा लागेल तिथे बसवला. मेकॅनिकने फिल्टरचा डबा रॉकेलने धुऊन, आतली नळी नि प्लग पुसून दिले, आणि "भाऊजी, तुम्ही इतकी वर्षं होता कुठे?" असं विचारलं. भाऊजी लाजले.

दिवसभराच्या शिकवण्या झाल्यावर डब्यातलं सगळं त्यांनी मोजपात्रात ओतलं. चहात दूध पडल्यासारखं, तपकिरी, तेलकट पाणी. "बावीस मिलिलिटर!" ते एवढ्यांदा ओरडले की शेजारीण खिडकीत आली. धूर? शोधावा लागत होता.

आठव्या दिवशी बाईंना धीर होईना. साहेबांनी नळी घातली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि यजमानांचा हात घट्ट धरला. आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. साहेबांनी दोनदा बघितला, बॉनेट उघडून डबा बघितला, तोट्या ओढून बघितल्या. "हे कोणी केलं?" झालं! यजमानांनी त्यांचा थंड पृष्ठभाग, वाफ आणि थेंब यांवर असा तास घेतला, की मागची रांग खोळंबली. "दर आठवड्याला रिकामा करत जा," एवढं म्हणून साहेबांनी शिक्का मारला आणि आपली सुटका करून घेतली.

बाहेर केंद्राच्या आवारात बाईंनी किल्ली यजमानांपुढे धरली. "बसा."

"मी? अगं, यंत्राचं आणि माझं..."

"आता हे मला सांगू नका."

ते बसले. गाडी सुरू झाली, एक गचका बसला, बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. फाटकातच आडवी. मागे पाच गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. यजमानांचे कान लाल झाले, हात दाराकडे गेला.

बाईंनी तो हात धरून पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला, काच खाली केली, अर्ध्या बाहेर झुकल्या, आणि आयुष्यात कधी लावला नव्हता एवढा आवाज लावला.

"थांबा की जरा! माझा नवरा शिकतोय!"