पोटाशी बांधलेलं बी

गिरधरने केसरबाईचं निम्मं बी शिजवून टाकलं. चूल नाही, तवा नाही. साठ वॉटचा एक बल्ब आणि चहाचं एक रिकामं खोकं, एवढ्यावर त्याने हा स्वयंपाक उरकला.

१९८७ चा डिसेंबर होता. शेतकीची पदविका घेऊन तो शिरपूरच्या खाली, तापीकाठच्या गावात शेतकी खात्याच्या नोकरीला आला होता. मूळचा फैजपूरचा. तिकडे केळी कंदातून येतात, त्यामुळे बी उगवताना त्याच्या घरात कुणी कधी बघत बसलं नव्हतं. पण पदविकेच्या पुस्तकात तापमानाचं कोष्टक होतं, आणि कोष्टक पाठ असलं की माणसाचे हात शिवशिवतात.

केसरबाई त्याची घरमालकीण. तिचा नवरा चिंधा नावाडी होता. पूल झाला आणि नाव रिकामी पडली, तेव्हा दोघांनी ती नदीच्या पात्रात पालथी घालून खोपीला तिचंच छप्पर केलं आणि वाळूत टरबुजं लावली. चिंधा गेल्यावरही पंधरा वर्षं बाई एकटी ती वाडी करत होती. बी सासूकडून आलेलं, काळपट सालीच्या, गच्च गराच्या टरबुजाचं. दरवर्षी सगळ्यात गोड फळ ती विकायची नाही, स्वतः खायची. आणि बिया धुऊन, वाळवून राखेत. हे बी बाजारात कुठेच मिळत नव्हतं. त्या वर्षी फळं कमी धरली होती, म्हणून राखेत जेमतेम शंभर बिया होत्या.

थंड वाळूत कोरडं बी कुजतं, म्हणून ते घरातच उबवून, कोंब फुटल्यावर लावायचं. गिरधर म्हणाला, योग्य ऊब आणि योग्य उजेड दिला तर दोन दिवसांत काम होईल. बाईने निम्म्या बिया दिल्या. विश्वास होता म्हणून नाही. हा काय करतो ते बघायचं होतं. गिरधरने बिया आणि पेटता बल्ब खोक्यात ठेवून झाकण घट्ट लावलं आणि तो तालुक्याला गेला. संध्याकाळी आला तेव्हा घरात भाजल्या शेंगांचा वास सुटला होता.

केसरबाईने एक बी फोडून चावून पाहिलं.

"चव बरी शे," ती म्हणाली.

उरलेल्या बिया तिने कोमट पाण्यात भिजवल्या, जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्यात बांधल्या, वरून एरंडाचं पान गुंडाळलं आणि पुरचुंडी पोटाशी बांधून कामाला लागली. गिरधरने ओशाळत विचारलं, थर्मामीटर आत सरकवू का? सकाळी चौतीस. दुपारी चौतीस. खोक्यात पारा नुसता उड्या मारत होता. शिवाय इथे उजेड अजिबात नव्हता. गिरधरने वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी बाईला हिवताप भरला. पारा चाळिशीकडे निघाला. तिने पुरचुंडी सोडून त्याच्यापुढे धरली.

"मी आजारी शे, बी नही. निम्मं तू जाळं, आते तूच पोटले बांध."

पथ्यंही सांगितली. पालथं झोपायचं नाही, गार पाण्याने अंघोळ नाही, पोटभर जेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक. गिरधर पोटावर हात ठेवून इतका ताठ बसला की शेजारी बसलेल्या देवचंद नावाच्या सहकाऱ्याने विचारलं, पोट दुखतंय का? गिरधर हो म्हणाला. मग खतांचा विषय मागे पडला आणि ओवा बरा की हिंग बरा यावर तासभर चर्चा झाली. साहेबांनी स्वतःच्या पिशवीतला सोडा दिला. तो नाकारता येईना. पोट गुरगुरायला लागलं तशी गिरधरला बियांचीच काळजी वाटू लागली.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईचा ताप उतरला. ओट्यावर बसून तिने पुरचुंडी उघडली. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी टोकं बाहेर आली होती. गिरधरने दोनदा मोजली. पन्नासातल्या सत्तेचाळिसांना कोंब होता.  त्या दिवशी गिरधरच्या भाकरीवर लोणी जास्त आलं.

लावणी दोघांनी केली. घाईत गिरधरने सहा कोंब उलटे लावले, मूळ होणारं टोक आभाळाकडे. बाईने पाहिलं, ते तसेच राहू दिले आणि खुणेला त्या सहा खड्ड्यांत काटकी खोचून ठेवली. आठ-दहा दिवसांनी सहाही ठिकाणी हिरवी पानं वर होती. ती तिथे उकिडवी बसली.

"भाऊ, वर कोठे शे हाई बीले अंधारामा कसं समजस?"

"उद्या सांगतो," गिरधर म्हणाला.

मातीच्या अंधारात बी वरची बाजू कशी ओळखतं ते शोधायला त्या रात्री त्याने पुस्तक काढलं. एक लांबलचक शब्द सापडला. तो तिला सांगितला असता तर तिने एवढंच विचारलं असतं, की हे नाव झालं, पण कसं समजतं? मग उद्या-उद्या म्हणता त्याची धुळ्याला बदली झाली.

आता दर उन्हाळ्यात शिरपूरच्या गाडीचा कंडक्टर कौतिक एक काळपट टरबूज आणून देतो आणि निरोप सांगतो, बाईने विचारलंय, उद्या झाला का?

यंदाही गिरधरने टरबूज खाल्लं, बिया राखेत ठेवल्या आणि कौतिकला म्हणाला, पुढच्या फेरीला नक्की सांगतो.