बरडीवरचा नेम

"म्हणजे तू येऊन नाही राहिला?"

"अजी बाबा, रविवारचं काम निघालं. कंपनीत जाच लागते."

"मागच्या साली बी कामच निघालं होतं."

"पुढच्या वेळी पक्कं."

"बरं. तुह्या मायले विचारून सांगजो, लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर ठेवली ते. मले तीन दिवसांपासून सापडून नाही राहिली. ठेव."

बोरगावच्या भगवंतरावांनी फोन खिशात घातला. मुलगा वैभव पुण्यात. नातू झाल्यापासून केसरबाईही तिकडेच. घरात एक माणूस अन् पडवीत चार सायकली. जाड टायरच्या, गियरवाल्या. वैभव येणार म्हणून कालच चारहीमध्ये हवा भरली होती, चेनींना तेल दिलं होतं.

हे खूळ वैभवनंच आणलं, नागपूरला कॉलेजात होता तेव्हा. गावामागं बरड आहे. मुरूम, गोटे अन् बाभळीचे काटे. बकरीही तिथं तोंड वाकडं करून चरते. वैभव म्हणायचा, "बाबा, हे आपलं वाळवंट." संत्र्याची तोड झाली की एक दिवस सायकली घेऊन सगळे बरडीवर. वैभव पुढं, मग लेक तृप्ती, मग भगवंतरावांचा दोस्त हेमंत, सगळ्यात मागं भगवंतराव. केसरबाई एकदाच आल्या. लुगडं चेनीत गुतलं, तेव्हा सायकलीला अन् पोराला एकाच दमात शिव्या देऊन पायी घरी गेल्या.

नेम एकच होता: मागचा दिसल्याशिवाय पुढच्यानं हलायचं नाही. वळणावळणावर पोरं थांबत. भगवंतराव धापा टाकत पोचले की वैभव दगडावरून उठे. "आले का मामलेदार? चला!" थांबलेल्यांचा दम खाऊन झालेला असे, यांचा कधीच नाही.

मग तृप्तीचं लग्न झालं, ती अमरावतीची झाली. वैभव पुण्याचा झाला. सौंसरच्या शाळेतले खेळाचे रवींद्र मास्तर वर्षभर मागं लागले होते, "काका, उभ्या उभ्या टायर सडतीन. पोट्ट्यांले द्या, चालवतीन तरी." वैभव फोनवर म्हणायचा, "देऊ नका, मी येतो." भगवंतराव मास्तरांना थांबवत राहिले. आज संध्याकाळी शेवटचं काय ते सांगायचं होतं.

सायकल काढून ते एकटेच निघाले. वाटेत हेमंत ओट्यावर पाय पसरून बसला होता.

"चाल बे."

"गुडघे नाही म्हणतेत गा."

"तू नको येऊ. गुडघे पाठव."

हेमंत हसला. उठला मात्र नाही.

बरडीवर ऊन तापलं होतं. पहिल्या वळणावर हातानं आपसूक ब्रेक दाबला. भगवंतरावांनी मागं पाहिलं. मुरमात एकाच टायरची रेघ. थांबायचं कोणासाठी? तरी थोडा वेळ थांबले. नेम तो नेम.

दुसऱ्या वळणावर तो चपटा दगड होता, वैभवचा. या दगडावर ते आजवर कधी बसलेच नव्हते. पोचले की निघायचंच असे. आज बसले. पाण्याची बाटली ठेवायला खाली वाकले तर दगडाच्या कपारीत बारीक खड्यांची विहीर दिसली. वीतभर उंच. थरावर थर, सांधा चुकवून लावलेले खडे, वर काडीची मोट. किती पावसाळे गेले, पण कपारीत होती म्हणून टिकली.

आपण पाचच मिनिटं मागं असतो, असं भगवंतराव जन्मभर सांगत आले होते. पाच मिनिटांत अशी विहीर बांधून होत नाही. पोरगा इथं उन्हात बसून खडे निवडत राहिला, अन् बाप आला की कपडे झटकून हसत उठला. एका शब्दानं बोलला नाही कधी.

"किती बसत होता बे लेकाच्या," भगवंतराव मोठ्यानं म्हणाले.

विहिरीला त्यांनी हात लावला नाही. बिनलोणच्याची भाकर खाल्ली, पाणी प्यायले अन् तिथूनच परत फिरले. घरी येऊन संध्याकाळची वाट न पाहता मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तीन सायकली घेऊन जा."

"वैभवची बी?"

"त्याचीच पयले ने. लय थांबला तो."

"अन् चौथी?"

"ते माही हाये, राहू दे. अन् पोट्ट्यांले सांगजो, मागचा दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. मागचा आला की लगेच पळायचंही नाही. त्याले बी दम खाऊ द्या."

"सांगतो न काका."

बागेत तोडीनंतरची सल काढायची राहिली होती. वाळक्या काड्या झाडाझाडातून टोचत होत्या. भगवंतरावांनी खुंटीवरची कैची काढली, धार अंगठ्यावर पाहिली अन् पहिल्या ओळीतल्या झाडाखाली वाकून शिरले.