बुधवारी पडायचं होतं

माझा आजार कधीच वेळेवर आला नाही. कावीळ गेली, डोळे पांढरे झाले, आणि मागे काय उरलं ते कुणालाच कळेना. आज केस धुतले तर आज काही नाही, उद्याही नाही. परवा सकाळी मात्र अंग असं जड की पाण्याचा पेला उचलायला दोन हात लागायचे. केस धुणं, रॉकेलच्या रांगेत उभं राहणं, मैत्रिणीबरोबर पोट धरून हसणं, सगळ्याचं हेच. परवाचं हसणं आजच्या पडण्याला कोण जोडणार? मलाच ते जोडायला दोन महिने लागले.

आई तर ऐकूनही घेत नव्हती. "काल तं ठणठणीत होती. आज काहून पडून राहिली वं?" असं रोज. मला भयंकर राग यायचा, पण रागावलं तरी परवा पडायचं, म्हणून गप्प बसायची.

त्यात भेटायला येणारी माणसं. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे सरळ भांडण काढणं. बाया आल्या की आई मला उठवायची, वेणी घालायची आणि उशीला टेकवून बसवायची. मग कुणाचा दीर काविळीनं कसा गेला ते चहा संपेपर्यंत ऐकायचं. परवा मी आडवी. मी आडवी झाल्याचं कळलं की त्याच बाया पुन्हा भेटायला हजर.

मी कोराडीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. घरातली पहिली नोकरी, तीही अजून कायम न झालेली. रजा वाढवायची तर ऑफिसनं नेमलेल्या डॉक्टरांना दाखवावं लागे. दोनदा गेले. दवाखान्यात जायला ताकद पाहिजे म्हणून दोन्ही वेळा आईनं आधी आठ दिवस मला फुलासारखं जपलं. झालं, डॉक्टरांसमोर माझे गाल गुलाबी, नाडी बरी, जीभ बरी. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी शेवटचं बघतो. तेव्हाही अशाच दिसलात तर गुरुवारी कामावर जा. नाही गेलात तर जागा दुसऱ्याची."

बुधवारी पडायचं तर सोमवारी थकायला हवं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. आईला म्हटलं, "सोमवारी सगळ्या गल्लीले बोलाव."

"पागल झाली का वं? भेटाले आलेल्या बायाईनं कोनी बिमार पडते का?"

"बोलावून तं पाहा."

तिनं बोलावलं. माझं सोंग एकदाचं उघडं पडावं म्हणून बोलावलं, हे तिनंच मला पुढे सांगितलं. अकरा बाया आल्या. मी चार तास बसले, बोलले, हसले, एकीची नात मांडीवर खेळवली. जाताना एक मावशी म्हणाल्या, "पोरगी तं मस्त दिसून राहिली." आईनं लगेच मान डोलावली.

मंगळवारी मी चक्क उठून भात टाकला. नाहीच पडले तर? बरं वाटतंय म्हणून मी त्या रात्री देवाला शिव्या घातल्या.

बुधवारी डोळे उघडले तर मान उचलेना. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता, पण हसायला तोंड हलेना. आईनं चमच्यानं पाणी पाजलं, ते ओठांतून उशीवर गेलं. तिनं पदरानं पुसलं. रिक्षात मला मांडीवर आडवं धरून नेलं. डॉक्टरांनी माझा हात वर उचलून सोडला, तो धपकन पडला. त्यांनी दोन महिन्यांची रजा लिहून दिली. जागा राहिली.

डॉक्टर काय म्हणाले ते विचारायला गुरुवारी गल्ली पुन्हा दारात. आमच्या घरून चहा न घेता, आत न बसता कुणी परत गेलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी आत पडल्या पडल्या ऐकत होते.

"झोपली हाय," आई म्हणाली.

"पाच मिनिटं बसतो ना तिच्यापाशी."

"नाई बसायचं. सोमवारी मीच बसवलं होतं तिले."

मग तिनं सगळ्यांना ओट्यावरच चहा दिला, हळू बोला म्हणाली, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.