मास्तरांचा अर्धा तास

रंकाळ्यावर रोज सकाळी फिरणारी आमची टोळी दोन वर्षांपूर्वी एप्रिलात रोम बघून आली. तेव्हापासून बाकावर बसलं की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. सगळे हसून सांगतो आम्ही. एक मात्र मी सांगायचं टाळतो. आज सांगून टाकतो.

बापू आमच्यातले जुने पैलवान. कोलोसियम बघून म्हणाले, "हे निम्मं पडलंय की. आमचं खासबागचं कुस्तीचं मैदान बघा, अजून ठणठणीत हाय." मग कपाळाला लावायला आखाड्याची माती शोधू लागले. खाली नुसत्या विटांच्या भिंती! शेवटी एका दगडाला हात लावला आणि तोच कपाळाला टेकवला. मागच्या दोन गोऱ्या बायकांनीही तसंच केलं.

बापूंची बायको म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आक्का. रोममधल्या त्या नामांकित स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला बंदी आहे. आक्कांनी ऐसपैस बसून दशम्यांचा डबा उघडला. पोलीस शिट्टी फुंकत आला.

"या पावणं, बसा. चटणी तिखट हाय, जपून खावा."

त्यानं हसू दाबत उठायची खूण केली. "बसायचं न्हाय तर एवढ्या पायऱ्या बांधल्या कशाला?" हा आक्कांचा प्रश्न अजून तसाच आहे.

आता मास्तर. गारगोटीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. रोममधल्या पँथिऑन या जुन्या देवळाचा घुमट ते फळ्यावर काढून दाखवायचे. घुमटाला मधोमध गोल भोक, त्यातून ऊन आत येतं, आणि एप्रिलात भर दुपारी सरकत सरकत दारापर्यंत पोचतं. तेवढं बघायलाच ते आमच्याबरोबर आले होते.

आमच्या टोळीची जुनी रीत आहे, पंगतीला एक जरी माणूस कमी असलं तरी घास उचलायचा नाही. हॉटेलात ताटं आली आणि मास्तर नाहीत. मीच आणायला गेलो. मास्तर पँथिऑनमध्ये वही उघडून उभे होते. ऊन दारापासून चार हातांवर होतं.

"अजून अर्धा तास," ते म्हणाले.

"मास्तर, माणसं उपाशी बसल्यात. चला की."

त्यांनी वही मिटली आणि माझ्यामागं चालू लागले. जेवायला थंड पास्ता होता.

काचबिंदूनं नजर जाणार, हे डॉक्टरांनी त्यांना निघायच्या आधीच सांगितलं होतं. आम्हाला परत आल्यावर कळलं. गेल्या वर्षी नजर पूर्ण गेली, मास्तर गारगोटीला राहायला गेले. एका पास्त्यापायी मी त्यांना तिथून उठवलं, ही बोच काही जात नाही.

परवा त्यांनी आम्हाला गावी जेवायला बोलावलं. पानं वाढली आणि मास्तर नाहीत. मी आत गेलो. माजघराच्या कौलांत एक काच बसवलेली आहे, तिच्यातून उन्हाचा तुकडा फरशीवर पडला होता. मास्तर त्यावर तळवा ठेवून बसले होते. ऊन सरकेल तसा हात सरकवत होते.

माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "अजून अर्धा तास."

मी बाहेर येऊन सांगितलं. बापू भुकेचे कच्चे, पण त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीला पाठ टेकली. आक्कांनी उठून सगळी ताटं झाकली.